आयचं तीस मीटरचं घड्याळ

'वॉटरप्रूफ' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की मी त्याला तिथेच अडवते. परवा भाचीने नवं घड्याळ दाखवलं. तेच ते, ज्यावर फोन येतो आणि दिवसभराची पावलं मोजली जातात. म्हणाली, "मावशी, हे फुल वॉटरप्रूफ आहे, मी आंघोळसुद्धा ह्याच्यासकट करते." मी तिला समोर बसवलं आणि पाऊण तास सोडलं नाही. गिझरचं कढत पाणी, शाम्पू, आतली रबराची रिंग, सगळं ऐकवलं. शेवटी ती बिचारी म्हणाली, "तू एवढी का चिडतेस? घड्याळच तर आहे." बरोबर आहे तिचं. पण नोकरीत असताना मी मालकाच्या तोंडाला तोंड दिलं ते घड्याळावरून, आणि त्या दिवसाचा मला या वयातही काडीचा पश्चात्ताप नाही. उलट ते सगळं सावकाश लिहून ठेवावं असं हल्ली फार वाटतं.

आम्ही शीवच्या कोळीवाड्यात राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीला लागून छोटं दार आणि दाराबाहेर बोंबील वाळत घालायची दोरी. बाबा गोदीत क्रेनवर होते. आय उजाडायच्या आत धक्क्यावर जाऊन मासळी उचलायची आणि लालबागच्या बाजारात पाटी लावायची. तिची जागा ओळीत तिसरी. घरात तिची चाहूल आधी बांगड्यांनी लागायची. दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने सरकवलेल्या हिरव्या बांगड्या, आणि ती काहीही करत असली, पीठ मळत असली किंवा कुणाशी भांडत असली, तरी त्या वाजत राहायच्या. दुपार कलल्यावर ती परतली की मोरीत बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज, मग पितळी डब्याचं झाकण, मग तांदूळ मोजायचं माप. चुलीवरच्या कालवणाचा वास त्यानंतर. तिच्या हातचं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मी अजून तशी कुठे खाल्ली नाही. मला करता येत नाही हे कबूल करते, बहिणीलाही येत नाही, ती कबूल करत नाही.

आयला घड्याळाची गरज कधी पडली नव्हती. लालबागला गिरणीचा भोंगा होता. पाळी सुटायची, माणसं बाजाराकडे वळायची, आणि कोळणी त्यावर आपला दिवस बेतायच्या. मग गिरण्या बंद झाल्या आणि भोंगा गेला. गिऱ्हाईक कमी झालं, त्याबद्दल सगळे बोलले. पण त्या ओळीतल्या बायकांची वेळच गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बर्फाची गाडी किती वाजता येणार, परतीच्या बसला अवकाश किती, सगळं अंदाजाने. आय एकदा जेवताना म्हणाली, "भोंगा होता तवा कुनाला इचारावं लागत नव्हतं." मी ते वाक्य मनात ठेवलं.

बारावीनंतर मला गिरगावात ठाकुरद्वारजवळच्या एका घड्याळांच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. पांढरा सफारी, गल्ल्यावर चंदनाची उदबत्ती आणि बोलणं असं शुद्ध की समोरच्याला आपोआप सावरून बसावंसं वाटावं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वाक्य पढवलं. घड्याळ उलटं करायचं, मागच्या झाकणावरचा आकडा दाखवायचा आणि म्हणायचं, "तीस मीटर. म्हणजे दहा मजली इमारतीएवढं पाणी डोक्यावर असलं, तरी आत थेंब जायचा नाही." मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही म्हणू शकले असते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीच्या पाण्यात उतरलेली मुलं धुकं धरलेली घड्याळं घेऊन रांगेने यायची. तेव्हा भाऊसाहेब गॅरंटी कार्डाची मागची बाजू दाखवायचे. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की पाण्याने झालेलं नुकसान गॅरंटीत बसत नाही. पुढे एक, मागे दुसरं. मला त्यात काही खटकलं नाही. मला त्या काळात फारसं काही खटकायचं नाही, कारण माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं. आपल्या अंगाला मासळीचा वास येत नाही ना. मी सकाळी दोनदा साबण लावायची, रुमालात पावडर टाकून न्यायची आणि कुणी घरच्यांबद्दल विचारलं, तर बाबा गोदीत आहेत एवढंच सांगायची.

आयसाठी घड्याळ मी त्याच दुकानातून घेतलं. स्टीलचा पट्टा, पांढरी तबकडी, मोठे आकडे. तिने हात मागे घेतला. "मना कशाला घड्याल? माजा हात दिसभर बर्फात." मी तिला माझं वाक्य ऐकवलं, दहा मजल्यांसकट. ती हसली, म्हणाली, "मी कुठं दहा मजले खाली चालले? मी तर पाटीवर बसते." पण तिने बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. आठ दिवसांत घड्याळ तिच्या अंगचं झालं. बाजारात ओळीतल्या बायका तिला हाक मारून वेळ विचारायला लागल्या आणि ती मनगट डोळ्यांपर्यंत नेऊन, जरा वेळ घेऊन, मोठ्याने सांगायची. "सवाअकरा." तो आवाज ओळीच्या टोकापर्यंत जायचा. मी सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत बसले असताना हे पाहिलं आणि मला आत काहीतरी फार बरं वाटलं.

पाऊस संपता संपता काचेच्या आत धुकं आलं. आधी सकाळपुरतं, मग दिवसभर, मग सेकंदाचा काटा अडकला. आय स्वतः म्हणाली की मी तुझ्याबरोबर दुकानात येते. तोवर ती कधी आली नव्हती. नवं लुगडं नेसली, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला आणि निघण्यापूर्वी मोरीत तीन वेळा हात धुतले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. भाऊसाहेबांनी घड्याळ घेतलं, उलटं केलं आणि मग नाकाशी नेलं. नाक मुरडलं नाही, तेवढे ते सभ्य होते. त्यांनी ते काचेवर ठेवलं आणि खिशातलं पेन काढून पेनाच्या टोकाने आयच्या दिशेने सरकवलं. मला म्हणाले, "तू सांगायचं होतंस ना की ह्या अशा आहेत. बाई, राग मानू नका, पण मासळीच्या धंद्यात असल्या वस्तू टिकायच्या नाहीत. खारं पाणी, बर्फ, घाण. हे घड्याळ तुमच्यासाठी नव्हतंच."

धक्क्यावर लिलावात लबाडी करणाऱ्या व्यापाऱ्याची पाटी पायाने उलटी करणारी माझी आय. त्या दिवशी तिने घड्याळ उचललं, ओच्यात बांधलं आणि निघाली. मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते आणि ती बाहेरच्या. मला वाटलं असतं तर मी काउंटरची उघडती फळी उचलून तिच्याबरोबर जाऊ शकले असते. मी गेले नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकाला ट्रे दाखवला.

घरी कुणीतरी सांगितलं म्हणून आयने घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं, म्हणजे तांदूळ ओल ओढून घेईल. पण ते पुन्हा बाहेर आलंच नाही. रोज संध्याकाळी ती तांदूळ मोजायला बसली की माप घड्याळाला लागायचं आणि टक् असा आवाज व्हायचा. ती तसंच माप भरून घ्यायची. बाजारात कुणी वेळ विचारली तर "माज्याकडं नाय" म्हणायची. मी दोनदा म्हटलं, "आय, मी दुसरीकडे दुरुस्त करून आणते." ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे गो. तो बोलला ते खरं हाय. ते माज्यासाठी नव्हतं." मला भाऊसाहेबांचा राग आला होताच, पण तिच्या या शब्दांचा जास्त आला. ते घड्याळ पुन्हा तिच्या मनगटावर चढवायचं, हे मी त्या टक् आवाजापाशी ठरवलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत सावंतकाका दुरुस्तीला बसायचे. लालबागच्या चाळीत राहणारे, मालवणकडचे, डोळ्याला भिंग लावलं की जगाशी संबंध तुटलेले. ते रविवारी माझ्या आयकडून बांगडे घ्यायचे. म्हणजे मी कोण, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी दुकानात ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी डब्यातलं घड्याळ रुमालात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी झाकण उघडलं, चिमट्याने काळी रिंग उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "दाबून बघ. ह्यो रबर मऊ व्हयो. ह्यो बघ कसो कडक झालो हा." खरंच, ती रिंग नखाने दाबली तर तुटली. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. ते तीस मीटर खोलीचं माप म्हणून धरायचंच नाही. कारखान्यात कोरं घड्याळ घेतात, नवं रबर, साधं स्वच्छ पाणी, घड्याळ हलत नाही, डुलत नाही, आणि त्यावर तेवढा दाब देऊन बघतात. तो त्या एका दिवसाचा दाखला. हात हलला की दाब वाढतो. चावी नीट आत दाबलेली नसली की संपलंच. आणि रबर दरवर्षी म्हातारं होतं, वापरा नाहीतर कपाटात ठेवा. तीस मीटरवाल्याने हात धुवावेत, पावसात भिजावं, पोहू नये. "मग आमच्या बर्फाने बिघडलं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "नुसत्या बर्फान इतक्या लवकर नाय." त्यांनी झाकणाच्या खाचेतून काहीतरी पांढरट खरवडलं, वास घेतला आणि ते मला दिलं. साबण. आणि त्याखाली, अगदी पुसट, लिंबू. "गरम आणि थंड, गरम आणि थंड, वर साबण. रबराचा काय ऱ्हवतला? तुझी आवस ह्या धुता कशान?"

संध्याकाळी मी मोरीच्या दारात उभी राहिले. लहानपणापासून रोज ऐकलेला तो पाण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. आयने चुलीवरचं कढत पाणी तांब्यात घेतलं, साबण चोळला, मग अर्धं लिंबू हातांवर पिळून बोटांच्या बेचक्यांत घासलं, मग पुन्हा कढत पाणी. मी विचारलं, "घड्याळ पण असंच धुवायचीस?"

"रोज. दात घासायच्या जुन्या बुरुसाने. पट्ट्याच्या फटीतून पन काढायची."

"कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "तूच बोललीस ना, वास मारतं. तुज्या दुकानातलं घड्याल, म्हटलं तुना लाज नको वाटायला."

मी बोलले होते. घड्याळ दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, बसमध्ये तिच्या शेजारी बसले असताना, खिडकीकडे तोंड करून. मला आठवायला क्षणही लागला नाही, म्हणजे ते माझ्या आत कुठेतरी जागं होतं. खारं पाणी, बर्फ, मासळी, यांतलं काही त्या घड्याळाच्या मुळावर उठलं नव्हतं. माझ्या नाकाने ते मारलं होतं. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले आणि आय माझ्या डोक्याला हात न लावता नुसती बाजूला उभी राहिली, कारण तिचे हात अजून पुसलेले नव्हते. ते आठवलं की मला आजही स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कॉलेजचा मुलगा आला. महापालिकेच्या तलावात पोहायला जातो म्हणाला, आणि तीस मीटरचं घड्याळ हातात घेऊन विचारलं, "ह्यात चालेल ना?" मी म्हटलं, "नाही चालणार. हात धुण्यापुरतं आहे हे. पोहायला शंभर मीटरचं घे, आणि दर दोन वर्षांनी रिंग बदल." भाऊसाहेबांनी मान वर केली. "काय सांगतेस तू?" मी म्हटलं, "खरं सांगतेय. दहा मजल्यांचं वाक्य मी यापुढे म्हणणार नाही." मुलगा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. भाऊसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आईच्या घड्याळाचा राग इथे काढू नकोस. ते मासळीने गेलं." मी म्हटलं, "ते गरम पाण्याने आणि साबणाने गेलं. गरम पाणी चालत नाही हे मी तिला सांगितलं नाही, ही माझी चूक. मला तुम्ही सांगितलं नाही, ही तुमची. मासळीची चूक कुठेच नाही." ते हसले आणि त्यांनी मनगट पुढे केलं. "हे बघ. पन्नास मीटर. बारा वर्षं हातात आहे. धुकं नाही, काही नाही. वस्तू वापरण्यावर असते."

मी म्हटलं, "द्या जरा." त्यांनी दिलं, कारण गिऱ्हाईक बघत होतं आणि नाही म्हणणं शोभलं नसतं. सावंतकाकांनी मला आदल्या दिवशी एक परीक्षा दाखवली होती, कुठल्याही यंत्राशिवाय होणारी. मी मागच्या खोलीतला दिवा आणून काउंटरवर ठेवला आणि घड्याळ त्याच्या बल्बखाली धरलं, हाताला छान ऊब लागेपर्यंत. मग माठातलं गार पाणी बोटाने घेऊन काचेच्या मधोमध एक थेंब सोडला. आत ओल असली, तर गार काचेखाली ती धरते. घड्याळ कोरडं असलं, तर काही होत नाही. एक मिनिट थांबायचं. दुकानात भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं टिकटिकत होती आणि मला ती सगळी ऐकू येत होती. सावंतकाका दारात येऊन उभे राहिले, भिंग कपाळावर. मी थेंब पुसला. काचेच्या आत, थेंब होता बरोबर तिथे, चार आण्याएवढं गोल धुकं होतं.

"तुमच्या हाताला तर मासळी लागत नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं.

मुलाने शंभराचं घड्याळ घेतलं. भाऊसाहेबांनी आपलं घड्याळ परत घातलं नाही, खिशात टाकलं. मला वाटलं होतं, ते मला जायला सांगतील, आणि मी त्याच्या तयारीनेच बोलले होते. ते बराच वेळ उदबत्तीची राख झटकत बसले आणि मग कुणाकडे न बघता म्हणाले, "सावंत, त्या बाईंचं घड्याळ गॅरंटीत घ्या. रिंग, मशीन, सगळं बदला. आणि उद्या ही घेऊन जाईल घरी." मी म्हटलं, "मी नाही नेणार. आय येऊन नेईल." आय हा शब्द मी त्या दुकानात पहिल्यांदा उच्चारला. घरात जसा म्हणते तसाच.

आय यायला तयार नव्हती. "मी नाय जात तितं," हे तिने सात-आठ वेळा सांगितलं. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या बसमधल्या वाक्यासकट, आणि तिची माफी मागितली. मग म्हटलं, "बाजारातून थेट ये. हात धुऊ नकोस." मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "भात उतरव, लागंल."

शुक्रवारी दुपारी ती आली. रिकामी पाटी दाराबाहेर ठेवली, लुगड्याचा कासोटा तसाच वर खोचलेला, कपाळाला घाम, आणि तिच्यासोबत तिचा वास आत आला, बर्फाचा, पापलेटाचा, ओल्या टोपलीचा. उदबत्ती त्याच्यापुढे कुठल्या कुठे गेली. दुकानात एक जोडपं होतं. ते जरा बाजूला सरकलं. आय काउंटरपाशी आली आणि उजवा हात काचेवर पालथा ठेवला, जसा पाटीवर ठेवते तसा. सावंतकाकांनी मागून घड्याळ आणलं. मी तिच्या बांगड्या वर सारल्या आणि पट्ट्याची कडी लावली. तिने मनगट डोळ्यांपर्यंत नेलं, मग थांबली, आणि हात सरळ भाऊसाहेबांच्या समोर धरला. "मालक, बगा तरी. टाइम बरोबर हाय का?"

तिने हात पुढे केला तो असा की आकडे वाचायला त्यांना खाली वाकावं लागलं. ते वाकले. त्यांचा चेहरा तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होता. आत घेतलेला श्वास त्यांनी तसाच धरून ठेवला, आणि तो सोडल्याशिवाय बोलता येईना. शेवटी म्हणाले, "तीन वाजून दहा मिनिटं. बरोबर आहे."

"बरोबर हाय," आय मोठ्याने म्हणाली, बाजारात म्हणायची तशी, ओळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग पाटी डोक्यावर घेऊन गेली.

ती पुढे बावीस वर्षं ते घड्याळ वापरत राहिली आणि दर दोन वर्षांनी मी त्याची रिंग बदलून आणली. आता ते माझ्या हातात आहे. पट्ट्याच्या फटीत वास अजून आहे, निदान मला येतो. मी ते साबणाने धूत नाही.

त्या दुपारी ती गेल्यावर काउंटरच्या काचेवर तिच्या पंजाचा ओला ठसा राहिला होता, पाची बोटांसकट, आणि अंगठ्याजवळ एक खवलं. जोडपं अजून उभंच होतं. भाऊसाहेबांनी पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने फडकं माझ्याकडे सरकवलं. मी ते हातात घेतलं, नीट चौकोनी घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.